पुयो पुयोत सारखे हरताय? या चुका टाळा

टेट्रिसवर हात बसलेला माणूस पुयो पुयोत, म्हणजे वरून जोडीने पडणारे रंगीत गोळे जुळवून समोरच्याला हरवायच्या व्हिडिओ गेममध्ये, हमखास मार खातो. आमच्या वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात सुट्टीत भावंडं जमली की हे दरवेळी दिसतं: गडी जोशात बसतो आणि मिनिटभरात मागून कुणीतरी ओरडतं, "पती गयुं!" (संपलं!)

घोळ कुठे होतो? एका रंगाचे चार गोळे जुळताहेत म्हटल्यावर तो लगेच फोडतो. १९९४ च्या 'पुयो पुयो त्सू'चा हिशेब बघा. चार गोळ्यांचा एक घोळका फुटला की ४० गुण, आणि समोरच्यावर एक कचरा-गोळा (त्याच्या पटावर नुसती जागा अडवणारा) टाकायला लागतात ७०. म्हणजे त्याला धक्कासुद्धा नाही! तेच, एक घोळका फुटून वरचे गोळे खाली घसरले आणि त्यातून दुसरा फुटला, की साखळी लागते. दोनच्या साखळीला साधारण ५ कचरा-गोळे, तीनला १४, चारला ३२, पाचला ६९. दिसणारा पट असतो सहा बाय बारा, ७२ घरांचा. पुढचं तुम्हीच समजा.

साखळी रचायला जिना सोपा. डावीकडच्या पहिल्या उभ्या रांगेत तीन लाल. दुसरीत तीन हिरवे, त्यावर एक पिवळा. तिसरीत तीन पिवळे, त्यावर एक निळा. चौथीत तीन निळे. आता पहिल्या रांगेत खाली लाल, वर हिरवा अशी जोडी सोडा. लाल फुटले की हिरवा खाली येऊन हिरव्यांना भिडतो, मग पिवळा, मग निळा.

हे रचताना डावीकडून तिसरी रांग उंच करू नका. कडेच्या रांगा वरपर्यंत भरल्या तरी चालतं, पण तिसरीचं सगळ्यात वरचं घर भरलं की खेळ खलास.

साखळी तयार असूनही "अजून एक पायरी" म्हणत बसणारे वेगळेच. त्सूमध्ये समोरच्याने पाठवलेला, डोक्यावर लटकलेला कचरा आपल्या साखळीने कापता येतो, तेव्हा तो पडायच्या आत फोडा. १९९१ च्या मूळ खेळात आणि त्यावर बेतलेल्या सेगाच्या 'मीन बीन मशीन'मध्ये मात्र ही सोय नाही. तिथे जो आधी मोठी साखळी सोडेल त्याचंच चांगभलं.

बटण दाबल्यावर गोळा उशिरा हलतो? टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. गोळा बाजूला नेताना आपोआप खाली धावत असेल, तर बहुतेक कंट्रोलरची बाणाची बटणं ढिली झालीत. बाजूला दाबताना खालचंही दबतं. दुसरा कंट्रोलर लावून बघा.