आधी हात आवरायला शिका

बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करताना माँटेसरी पद्धतीवर मी पानंच्या पानं लिहिली होती. प्रत्यक्ष वर्गात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यातलं मुख्य तत्त्व मोडलं: मूल साधनांशी स्वतः काम करून शिकतं, आपण मध्ये पडायचं नाही.

साडेतीन वर्षांची एक मुलगी गुलाबी मनोरा रचत होती. त्यात मोठ्यावर लहान असे रचायचे दहा घन असतात, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा. मधला एक घन तिने चुकीच्या जागी ठेवला आणि मी पटकन बदलून दिला. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग उठूनच गेली. चूक दाखवायचं काम त्या साधनाचं असतं. वेडावाकडा मनोरा डोळ्यांना आपोआप खटकतो. तो खटकण्याचा क्षण मी तिच्याकडून काढून घेतला होता. याचं मला आजही वाईट वाटतं.

मारिया माँटेसरी पेशाने डॉक्टर. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. लाकडी दट्टे खाचांत बसवण्यात गढलेल्या एका मुलीला त्यांनी खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, बाकीच्या मुलांना गायला लावलं, तरी तिने तेच काम चाळीसहून अधिक वेळा केलं. ही गोष्ट आपण परीक्षेपुरती पाठ करतो. वर्गात मात्र अशी तंद्री ओळखून तिच्यापासून दूर राहणं, हेच ताईचं खरं कौशल्य.

त्यासाठी निरीक्षणाची वही ठेवा. 'हट्टी आहे' असं लिहू नका. 'पाणी ओतताना तीनदा सांडलं, तिन्ही वेळा स्वतः पुसलं' असं लिहा. शब्द शिकवताना तीन पायऱ्या असतात: 'हे खरखरीत', मग 'खरखरीत कुठलं?', शेवटी 'हे कसं आहे?' दुसऱ्या पायरीवर मूल अडलं तर 'चुकलं' म्हणू नका, साधन शांतपणे आवरून दुसऱ्या दिवशी घ्या. मला हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले.

नोकरीसाठी शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या सजावटीवर जाऊ नका. साधनांच्या मांडण्या मुलांच्या हाताला येतात का, ते बघा. एका साधनाचा एकच संच असेल तर ते चांगलंच, मुलं वाट बघायला शिकतात. पण दर वीस मिनिटांनी घंटा होऊन हातातलं काम सुटत असेल, तर साधनं कितीही महागडी असोत, तिथे ही पद्धत चालत नाही. मुलांना सलग दोन-तीन तास मिळायला हवेत.