नाशिक ते सिंगापूर: अंतर दोऱ्याने, वेळ कागदावर

लेक सिंगापूरला गेल्यापासून ओळखीचं कुणीही भेटलं की विचारतं, "सर, किती तास लागतात हो?" मी भूगोलाचा मास्तर. नुसता आकडा देत नाही, हिशेब करायला लावतो.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. गोल पृथ्वी सपाट केली की अंतरं ताणली जातात. पृथ्वीगोल घ्या. माझा ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा विषुववृत्तावर गुंडाळला, तो ९४ सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर, म्हणजे एक सेंटिमीटरला ४२५ किलोमीटर. आता दोऱ्याचं टोक, विमान जिथून सुटतं त्या मुंबईवर बोटाने दाबा आणि सिंगापूरपर्यंत ताणा. आंध्रचा किनारा ओलांडून, बंगालच्या उपसागरावरून, निकोबारच्या जवळून दोरा खाली उतरतो. माझा सव्वानऊ सेंटिमीटर भरला, म्हणजे सुमारे ३,९३० किलोमीटर. खरं हवाई अंतर ३,९२० च्या आसपास आहे. दहाएक किलोमीटर दोऱ्याला माफ!

वेळेसाठी ताशी ८५० किलोमीटर धरा. भागाकार साडेचार तासांच्या थोडा वर जातो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं याचा पाऊण तास वेगळा. झाले साधारण साडेपाच तास.

खरी गंमत घड्याळाची. तिकिटावर निघायची वेळ निघाल तिथली आणि पोचायची वेळ पोचाल तिथली असते. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्री ११:३० ला निघालात तर तिकिटावर पोचायची वेळ सकाळी साडेसातच्या आसपास दिसेल. आमचे शेजारी म्हणाले, "जाताना आठ तास आणि येताना तीनच? वाऱ्यामुळे का?" वारा असतो, पण तो काही मिनिटं इकडेतिकडे करतो. जाताना तिकिटावरच्या फरकातून अडीच तास वजा करा, येताना मिळवा.

आणि तारीख नीट बघा. पहिल्या खेपेला आमचं विमान १५ तारखेला ००:४० चं. मी गाडी सांगून ठेवली १५ च्या दुपारची. १४ ला जेवताना बायको तिकीट वाचत होती. "अहो, पंधरा तारीख तर आज रात्री बारालाच लागते!" ताटं तशीच टाकून बॅगा भरल्या. एवढी वर्षं मुलांना प्रमाणवेळ शिकवली, पण त्या दिवशी तोंड उघडायची सोय नव्हती.

नाशिकच्या ओझर विमानतळावरून सिंगापूरला थेट विमान नाही, तेव्हा मुंबई गाठायचीच. रस्ता १७० किलोमीटरच्या आसपास, पण तासांत मोजायचा. समृद्धी महामार्गाने कसारा घाट टळतो, भिवंडी-ठाण्याची गर्दी टळत नाही. मी पाच तास धरतो, वर अर्धा तास पंक्चरचा. विमानतळावर तीन तास आधी. म्हणजे ११:३० च्या विमानाला साडेआठला दारात, आणि घरून दुपारी तीनला निघायचं. इगतपुरीला चहाला थांबायचं असेल, तर ड्रायव्हरला अडीच सांगा.