बुडबुड्यापेक्षा सांडलेलं औषध महाग पडतं

आयव्हीएफची इंजेक्शनं घरी घ्यायला सुरुवात केली की सुईपेक्षा जास्त धास्ती सिरिंजमधल्या बुडबुड्याची वाटते. हवा अंगात गेली तर माणूस दगावतो, असं कुठेतरी ऐकलेलं असतं. पहिल्या रात्री मीही सिरिंज ट्यूबलाइटसमोर धरून किती वेळ टिचक्या मारत बसले होते. बुडबुडा गेला, पण त्याच्यासोबत औषधाचे थेंबही ओट्यावर गेले.

ती भीती शिरेतल्या इंजेक्शनची. आपली बहुतेक इंजेक्शनं पोटाच्या कातडीखालच्या चरबीत जातात. तिथे मोहरीएवढा बुडबुडा गेला तरी इजा होत नाही, हवा आपोआप जिरते. खरी काळजी डोसची करावी. एचएमजी, म्हणजे स्त्रीबीजं वाढवणाऱ्या औषधाची ७५ युनिटची पावडर १ मिली पाण्यात विरघळवली आणि बुडबुड्याच्या मागे लागून ०.१ मिली सांडलं, तर ७.५ युनिट गेले. डॉक्टरांनी तीन पावडरी त्याच १ मिलीत घ्यायला सांगितल्या असतील, तर तेवढ्याच थेंबांत २२.५ युनिट जातात.

मुळात बुडबुडे होतात ते घाईमुळे. बाटली खळखळून हलवली की फेस येतो, म्हणून ती तळहातांत हलकेच फिरवायची. औषध ओढताना बाटली उलटी धरली की पातळी खाली येत जाते. सुईचं टोक उघडं पडलं की सिरिंज हवाच ओढते. तेव्हा सुईही थोडी थोडी खाली घ्या आणि दट्ट्या सावकाश ओढा.

तरी बुडबुडा आलाच, तर सुई बाटलीतून काढायची घाई करू नका. सिरिंज उभी ठेवून टिचकी मारा, वर जमलेली हवा बाटलीतच ढकला आणि औषध पुन्हा भरून घ्या. एक थेंबही वाया जात नाही. हे मला सिस्टरने तिसऱ्या दिवशी सांगितलं, पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मग औषध ओढायची सुई काढून टोचायची बारीक सुई लावल्यावर टोकाशी थेंब दिसेपर्यंतच दट्ट्या दाबायचा.

औषध आधीच भरलेल्या इंजेक्शन-पेनची गोष्ट वेगळी. इंजेक्शन झाल्यावर सुई पेनलाच ठेवली तर आत हवा शिरते आणि औषध गळतं, म्हणून दर वेळी सुई काढून टाका. सुईच्या टोकाशी थेंब येतो का हे कधी तपासायचं, ते त्या पेनच्या माहितीपत्रकात पाहा. कार्ट्रिजमधला, म्हणजे पेनच्या औषधाच्या नळीतला, बारीक बुडबुडा घालवायला रोज पेनवर डोस फिरवून औषध सोडू नका.

रक्त पातळ ठेवण्यासाठी एनॉक्सापॅरिनची भरलेली सिरिंज दिली असेल आणि ती पूर्ण घ्यायची असेल, तर तिच्यातला बुडबुडा मुद्दाम काढायचा नसतो. शेवटचा थेंब तोच आत ढकलतो. इथे हात आवरा.

ट्रिगरच्या, म्हणजे स्त्रीबीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या रात्री जास्त जपा, कारण स्त्रीबीजं काढण्याची वेळ त्या इंजेक्शनवरून, साधारण ३४ ते ३६ तासांनी, ठरलेली असते. औषध बरंच सांडलं तर अंदाजाने दुसरा डोस घेऊ नका. किती वाजता, किती गेलं ते लिहा आणि मध्यरात्र असली तरी क्लिनिकच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करा.