उंचसखल जमिनीवर लाकडी फ्लोअरिंग: आधी सर्वांत उंच जागा शोधा

जमीन उंचसखल असेल तर पहिली रीप (फळ्यांखाली आधाराला बसवायची लाकडी पट्टी) भिंतीकडून सुरू करू नका. आधी लेझर किंवा पाण्याच्या लेव्हल ट्यूबने चारही भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारा आणि तिथून खाली ठिकठिकाणी माप घ्या. जिथे माप सर्वांत कमी भरेल, तीच सर्वांत उंच जागा. त्या जागेवरची रीप थेट जमिनीवर बसेल, बाकी सगळ्या तिच्या उंचीला आणायच्या.

रिपांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत साधारण 400 मिमी अंतर ठेवा. खालची पोकळी प्लॅस्टिकच्या किंवा प्लायच्या सपाट तुकड्यांनी भरा. एकच निमुळती पाचर ठोकू नका, तिच्यावर रीप फक्त कडेला टेकते. पायाने दाबून बघा: बारीकसा ‘टक्’ आवाज आला, तर खाली फट आहे. स्क्रू आवळून ती बुजवायला गेलात तर रीपच वाकते. तिथे अजून एक पातळ तुकडा सरकवा. तुकडे गोंदाने पक्के चिकटवा, नाहीतर हळूहळू सरकतात आणि फळ्या करकरू लागतात.

फळ्या ठोकण्यापूर्वी दोन मीटरची सरळ पट्टी रिपांवर आडवी-तिरपी फिरवून सगळ्या एका पातळीत आहेत का ते पाहा. जमीन ओलसर असेल तर मात्र थांबा, आधी ओल घालवा. भिंतीलगत 10 मिमी फट सोडा.