मनाची नोंद त्या त्या वेळी कशी ठेवावी

‘मागचे दोन आठवडे कसे गेले?’ असं मानसोपचाराच्या डॉक्टरांनी विचारलं की बहुतेक जण कालचा दिवस आणि सगळ्यात वाईट दिवस, एवढंच सांगतात. मधले बरे तास आठवणीतून गळून जातात. औषधाचा डोस मात्र बराचसा या सांगण्यावरच ठरतो. म्हणून नोंद त्या क्षणीच करायची, रात्री आठवून नाही.

डॉक्टरांशी बोलून तीन-चारच लक्षणं निवडा: उदासी, बेचैनी, चिडचिड, थकवा. प्रत्येकाला 0 ते 10 गुण. 0, 5 आणि 10 म्हणजे नेमकं काय, ते वहीच्या पहिल्या पानावर आपल्या शब्दांत लिहा. बेचैनी 5 म्हणजे ‘काम होतं, पण तेच वाक्य दोनदा वाचावं लागतं’. 10 म्हणजे ‘एका जागी बसवत नाही’. हे ठरलेलं नसेल तर पहिल्या आठवड्यातला 6 आणि दुसऱ्यातला 6 एक राहत नाही.

जागेपणाच्या तासांचे चार भाग करा आणि प्रत्येक भागात रोज वेगळ्या वेळी गजर लावा. सकाळचा गजर नेहमी साडेनऊलाच वाजला, तर नागपुरातल्या बर्डीच्या मेट्रोतली गर्दीच तेवढी नोंदवली जाते. घरातल्या कुणाला तरी आठवड्याचे गजर लावून द्यायला सांगितलं तर आणखी बरं. वेळ ठाऊक असली की मन आधीच उत्तर तयार ठेवतं.

गजर वाजला की मिनिटभरात ‘आत्ता’चे गुण, जागा, सोबत कोण आणि काय चाललं होतं, एवढंच लिहा. गाडीवर असाल तर आधी थांबा. 15 मिनिटांत जमलं नाही तर रकाना रिकामा सोडा, मागाहून भरू नका. कोणत्या वेळचे रकाने रिकामे राहतात, यावरूनही डॉक्टरांना बरंच कळतं. घबराटीचा झटका गजराची वाट पाहत नाही; त्याची सुरुवात, किती मिनिटं टिकला आणि कमाल गुण वेगळ्या पानावर टिपा. झोपेचे तास आणि घेतलेल्या गोळ्या सकाळी एकदाच लिहा.

नागपुरात एप्रिल-मेमध्ये आणखी एक रकाना हवाच: उन्हातून आलो का, पाणी किती प्यायलो. पारा 45 अंशांकडे गेला की धडधड, चक्कर, अस्वस्थता नुसत्या उन्हानेही होते आणि ती चिंता म्हणून नोंदवली जाते. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्यांनी तर हा रकाना चुकवूच नये. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

नोंदीमुळेच बेचैनी वाढत असेल, गुण पुन्हा पुन्हा तपासावेसे वाटत असतील, तर चारवरून दोन गजरांवर या किंवा थांबा. मंत्रचळ (ओसीडी) किंवा आजाराची सतत भीती असणाऱ्यांत हे जास्त होतं. जीव देण्याचे विचार आले तर ते वहीत लिहून भेटीची वाट पाहायची नाही: 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, किंवा घरच्या कुणाला सोबत घेऊन थेट नागपूरच्या मेडिकल अथवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात जा.

दोन आठवडे पुरेत. ओपीडीत वेळ थोडा मिळतो, तिथे अख्खी वही वाचली जात नाही. एका पानावर प्रत्येक लक्षणाची सरासरी, सर्वात कमी-जास्त गुण आणि जागेनुसार फरक (घरी 3, ऑफिसात 7) काढून न्या. गोळ्या चुकलेले दिवस लाल पेनाने दाखवा; आकडे पाहून डोस स्वतः बदलू नका.