आठ शेतं, आठ जोड्या: नमुन्यावरून निष्कर्ष कसा काढावा

सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून पिकाला हवेतला नत्र मिळवून देणारे जिवाणू, चोळून पेरलं तर उत्पन्न वाढतं का? हा प्रश्न घेऊन परिकल्पना चाचणी, म्हणजे आधी मांडलेलं विधान नमुन्याच्या आकड्यांपुढे टिकतं का ते तपासणं, कशी करायची ते सांगतो. सरासरी काढणं आणि तक्ता वाचणं तुम्हाला येतं असं धरतो.

पेरणीआधी वहीत तारीख घालून दोन ओळी लिहा. पहिली शून्य परिकल्पना: चोळल्याने सरासरी उत्पन्नात काही फरक पडत नाही. दुसरी पर्यायी परिकल्पना: फरक पडतो, मग तो वाढीचा असो की घटीचा. त्याखाली सार्थकता पातळी लिहा, म्हणजे खरा फरक नसताना 'फरक आहे' असं चुकून म्हणण्याची किती जोखीम घ्यायची ते: ५ टक्के. हा काही निसर्गनियम नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली तो सोयीचा म्हणून सुचवला आणि पुढे तो रूढ झाला. तुम्हाला १ टक्का घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण मळणीच्या आधी ठरवा. आकडे हातात आल्यावर दुतर्फी चाचणीची (वाढ आणि घट दोन्ही पाहणारी) एकतर्फी (फक्त एकच बाजू पाहणारी) करणं म्हणजे सरळ फसवणूक आहे. 'वाढच होणार, एकतर्फी करून टाका' असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

मग आठ शेतकरी निवडा. प्रत्येकाच्या शेतात शेजारीशेजारी एकेका गुंठ्याचे दोन तुकडे आखा आणि कोणत्या तुकड्यात चोळलेलं बियाणं जाईल ते पैसा उडवून ठरवा. साधं बियाणं आधी पेरा, नाहीतर हाताला आणि पाभरीला चिकटलेले जिवाणू साध्या तुकड्यातही पोचतात.

'आठच? निदान तीस तरी हवेत!' हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता संयम सुटतो. आपण वापरणार ती टी-चाचणी, म्हणजे सरासरी फरक योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे ते पाहणारी चाचणी, जन्मालाच आली ती लहान नमुन्यांसाठी. डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना मोजक्याच नमुन्यांवरून निर्णय घ्यावे लागत. त्यातून त्यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने ही पद्धत मांडली. तीस हा आकडा पाळत बसण्यापेक्षा तुमचे आठ खरोखर आठ आहेत ना, ते तपासा. खरी अडचण तिथेच आहे.

नमुना मोजायचा कसा?

एम.एस्सी.च्या प्रयोगात मी एकाच शेतात दोन तुकडे घेतले होते, एक चोळलेला आणि एक साधा. प्रत्येकातली शंभर झाडं निवडली, गुडघ्यावर बसून झाडागणिक शेंगा मोजल्या, दोन दिवस त्यात गेले. दोनशे आकडे टी-चाचणीत घातले आणि पी-मूल्य (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा टी येण्याची शक्यता) इतकं लहान आलं की दशांश चिन्हापुढे चार शून्यं होती. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी एवढंच विचारलं, "तुकडे किती होते?" मी म्हणालो, दोन. ते म्हणाले, "मग दोनशे कुठून आले?"

त्या वेळी उत्तर सुचलं नाही. ते कळलं नंतर, शेतात परत जाऊन उभा राहिलो तेव्हा. चोळलेला तुकडा उताराच्या खालच्या अंगाला होता. तिथे काळी माती, ढेकूळ फोडलं तरी आत ओल. साधा तुकडा वर, तिथे हातभर खाली मुरूम. खालची शंभरच्या शंभर झाडं एकाच ओलीवर वाढलेली. शेंगा जास्त होत्या त्या रायझोबियममुळे की मातीमुळे, हे त्या दोनशे आकड्यांतून सांगताच येत नव्हतं. दोन हजार झाडं मोजली असती तरी आलं नसतं.

गणितात हे असं घडतं. प्रमाण त्रुटी (सरासरी किती डळमळीत आहे त्याचं माप) काढताना प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात. तिथे १०० घातले की भागाकार दहाने होतो आणि त्रुटी खोटी लहान दिसते. शिवाय मोजलेलं विचलन हे झाडाझाडांतलं असतं. तुकड्यातुकड्यांतला फरक, ज्यावर निर्णय घ्यायचा, तो त्यात आलेलाच नसतो.

म्हणून माझा एक ठाम नियम आहे: नमुना मोजायचा असेल तर पैसा कितीदा उडवला ते मोजा. आठ शेतांत आठदा उडवला, तर आठ जोड्या, म्हणजे आठ फरक. एका तुकड्यातली शंभर झाडं मोजलीत तर त्यांची एक सरासरी करा आणि तेवढा एकच आकडा चाचणीत घाला. एका वर्गाला नव्या पद्धतीने शिकवलं, दुसऱ्याला जुन्या, तर साठ-साठ मुलं असूनही नमुना एकेका वर्गाचाच. एकाच रुग्णाचा रक्तदाब दहादा घेतला तरी रुग्ण एकच. सॉफ्टवेअर हे विचारत नाही. ते दोनशे आकडे निमूट घेतं आणि निकाल देतं.

कापणी आणि हिशोब

दोन्ही तुकडे एकाच दिवशी कापा, दाणे सारखे वाळवून मगच तोला. गुंठा सबंध कापा. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीककापणी प्रयोगांवरून दाखवून दिलं होतं की फार लहान तुकडा घेतला तर कडेवरची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं.

समजा, चोळलेल्यातून साधं वजा केल्यावर गुंठ्यामागे किलोत असे फरक आले: २.५, १.०, −०.५, ३.०, १.५, ०.०, २.०, २.५. सरासरी १.५, प्रमाण विचलन १.२५, आठच्या वर्गमुळाने भागून प्रमाण त्रुटी ०.४४३. टी म्हणजे १.५ भागिले ०.४४३, ३.३८. स्वातंत्र्य मात्रा (इथे जोड्यांच्या संख्येतून एक वजा) ७ आणि ५ टक्के पातळीला टीच्या तक्त्यात २.३६५ आहे. आपला टी मोठा, म्हणून शून्य परिकल्पना नाकारली.

तिसऱ्या शेतातला तो उणे अर्धा किलो काढून टाकायचा मोह होईल, 'तिथे पाणी साचलं होतं' असं कोणीतरी म्हणेलही. ती नोंद वजन करण्याआधी वहीत असेल तरच विचार करा. नसेल, तर आकडा राहील.

निकाल कसा लिहावा

इथे पी-मूल्य साधारण ०.०१२ येतं. याचा अर्थ 'रायझोबियम निरुपयोगी असण्याची शक्यता १.२ टक्के' असा मुळीच नाही. चोळल्याने काहीच फरक पडत नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा टी शंभरात साधारण एकदा आला असता, एवढंच ते सांगतं. आणि टी लहान आला असता तर 'फरक नाही हे सिद्ध झालं' असं लिहायचं नाही. 'या आठ जोड्यांतून फरक दिसला नाही' असं लिहा.

पण शेतकऱ्याला पी-मूल्य सांगून उपयोग काय? त्याला विश्वास अंतराल द्या, म्हणजे आकड्यांशी जुळणारा खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा. ०.४४३ गुणिले २.३६५ म्हणजे १.०५. ते १.५ मधून वजा करा आणि त्यात मिळवा: ०.४५ ते २.५५. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकरी १८ ते १०२ किलो. १८ किलोत पाकीट आणि मजुरी निघते का, हे तोच तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल.

शेवटी एक ओळ न चुकता लिहा: ही आठ शेतं कोणत्या गावांची, कसल्या जमिनीची, कोणत्या खरिपाची. आठही शेतं काळ्या जमिनीची असतील तर मुरमाड जमिनीबद्दल या चाचणीने एक अक्षरही सांगितलेलं नाही.