कॉम्प्युटर संथ झालाय? चालू प्रोसेस तपासा, मगच बंद करा

रीस्टार्ट केलं की कॉम्प्युटरची बरीचशी दुखणी तात्पुरती पळतात, म्हणून मुळाशी कुणी जात नाही. दोन दिवसांनी तोच पंखा पुन्हा घरघरतो आणि तीच खिडकी पुन्हा पांढरी पडते. खरं तर दोषी प्रोग्राम शोधून काढायची साधनं फुकट मिळतात, काही तर आधीपासून कॉम्प्युटरमध्येच असतात. अडचण वेगळीच आहे: बहुतेक जण चालू प्रोग्रामची यादी उघडतात आणि सगळ्यात वर जे नाव दिसेल त्याचा गळा धरतात. यादीत वर असणं हा काही गुन्हा नव्हे. आधी टंचाई कशाची आहे ते बघायचं, मग ती कोण करतंय ते, आणि बंद करायचं सगळ्यात शेवटी.

पायरी १: टंचाई कशाची?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर थेट उघडतो. प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामच्या, यादीवर सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतील. ज्या रकान्याच्या डोक्यावर आकडा चढलेला असेल त्यावर क्लिक करा, म्हणजे यादी त्या क्रमाने लागेल.

आता हे आकडे वाचताना हमखास फसगत होते ती इथे.

डिस्क १०० टक्के दिसली म्हणजे डिस्क भरली असं नाही. ती सतत कामात आहे, एवढाच त्याचा अर्थ. अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी किंवा फाइल शोधासाठीची अनुक्रमणिका चालू असेल, तर थोडा वेळ थांबणं हाच उपाय. मेमरी बरीचशी वापरात दिसली तरी लगेच घाबरू नका. रिकामी पडलेली रॅम कुणाच्याच उपयोगाची नसते, म्हणून सिस्टिम तिच्यात काही ना काही भरून ठेवते. एकाच प्रोग्रामचा आकडा बसल्या बसल्या वाढतच चाललाय आणि खाली यायचं नाव घेत नाही, असं दिसलं तर मात्र संशय घ्या.

सीपीयूचं गणित जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. टास्क मॅनेजरमध्ये १०० टक्के म्हणजे सगळे कोअर, म्हणजे सीपीयूमधले काम करणारे भाग, मिळून. समजा तुमच्या मशीनचे लॉजिकल प्रोसेसर (विंडोज स्वतंत्र धरून मोजतं ते) आठ आहेत आणि एखादा प्रोग्राम एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत) गरगर फिरत अडकलाय. तो एकच प्रोसेसर पूर्ण खाईल, म्हणजे यादीत दिसतील जेमतेम १२.५ टक्के. बघणारा म्हणतो, १२ टक्क्यांत काय होतंय! पण तो आकडा काही न करताही तिथेच चिकटून बसला असेल, तर अडकलेला प्रोग्राम तोच. लिनक्स आणि मॅकवर हिशोब सहसा उलटा असतो. तिथे एक कोअर म्हणजे १०० टक्के, त्यामुळे एखाद्या प्रोग्रामसमोर ३०० टक्के दिसले तर दचकू नका.

टास्क मॅनेजरच्या तपशिलाच्या (‘डिटेल्स’) टॅबमध्ये ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ नव्वदीच्या पुढे दिसते. ती बंद करण्याची धडपड करणारे लोक खरंच असतात. सीपीयू किती मोकळा बसलाय याचा तो आकडा आहे.

पायरी २: हा नेमका कोण?

टास्क मॅनेजर नाव सांगतो, पण कुळ सांगत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ घ्या. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्स या संचातलं हे साधन. मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी २००६ मध्ये विकत घेतली, तरी साधनं फुकटच राहिली. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरूनच झिप फाइल उतरवा. इन्स्टॉल करायची गरज नाही, फाइल मोकळी करून राइट क्लिकने ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा.

इथे प्रोसेस झाडासारख्या दिसतात: कुणी कुणाला सुरू केलं ते लगेच कळतं. नवी प्रोसेस क्षणभर हिरवी चमकते, संपणारी लाल होते, सर्व्हिसेस (खिडकी न दाखवता मागे चालणारे प्रोग्राम) गुलाबी असतात. वरच्या पट्टीत नेमबाजीच्या लक्ष्यासारखं एक चिन्ह आहे. ते धरून पडद्यावरच्या कुठल्याही खिडकीवर नेऊन सोडा, ती खिडकी ज्या प्रोसेसची आहे ती यादीत निवडली जाते. कुठून तरी उगवणारी जाहिरातीची खिडकी पकडायला याच्यासारखं हत्यार नाही.

‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे’ असं सांगून विंडोज फाइल डिलीट करू देत नाही, आणि तो दुसरा प्रोग्राम कुठला ते सांगायला विसरतं. प्रोसेस एक्सप्लोररच्या ‘फाइंड’ मेन्यूत ‘फाइंड हँडल ऑर डीएलएल’ निवडा, फाइलचं नाव टाका, शोधा. फाइल धरून बसलेल्या प्रोसेसचं नाव समोर येतं. मग तो प्रोग्राम रीतसर बंद करा. फाइलवरची पकड जबरदस्तीने सोडवण्याची सोयही तिथे आहे, पण तिच्या वाटेला जाऊ नका, माहिती खराब होऊ शकते.

अनोळखी नाव दिसलं तर तीन गोष्टी बघा: फाइल कुठे ठेवलेली आहे, तिच्यावर कंपनीची डिजिटल सही आहे का, आणि तिला कुणी सुरू केलं. ‘एसव्हीसीहोस्ट’चंच घ्या. हिच्या डझनावारी प्रती चालू असतात आणि ते अगदी नॉर्मल आहे, विंडोजच्या सर्व्हिसेस तिच्या पोटातच चालतात. पण ती विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमधली हवी. डाउनलोडच्या फोल्डरमधून चालणारी किंवा नावात दोन अक्षरांची अदलाबदल केलेली प्रत दिसली, तर कान टवकारा. ऑप्शन्समध्ये ‘व्हायरसटोटल’ या फाइल तपासणाऱ्या साइटची तपासणी चालू केली की प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या बोटांच्या ठशासारखा आकडा, तिकडे जातो आणि किती अँटिव्हायरसना ती खटकते तो आकडा समोर येतो. सत्तरेकांपैकी एखाद्यालाच खटकली, तर बऱ्याचदा तो खोटा अलार्म असतो.

मुक्त स्रोत साधन हवं असेल तर ‘सिस्टिम इन्फॉर्मर’ आहे. पूर्वी याचं नाव ‘प्रोसेस हॅकर’ होतं. कुठली प्रोसेस इंटरनेटवर कुणाशी बोलतेय ते त्याच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसतं. काही अँटिव्हायरस आणि खेळांचे फसवणूकविरोधी पहारेकरी मात्र याच्याकडे वाकड्या नजरेने बघतात.

पायरी ३: हळूच बंद करा

क्रम असा ठेवा. आधी प्रोग्रामचं स्वतःचं बंद करायचं बटण. खिडकी प्रतिसाद देत नसेल तर मिनिटभर थांबा, मोठी फाइल सेव्ह होत असेल तर ती परत जागी होते. मग ‘एंड टास्क’. त्यात सेव्ह न केलेलं काम जाईल हे गृहीत धरा.

ब्राउझर जड झाला असेल तर सगळा ब्राउझर मारू नका. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि नेमका कुठला टॅब खादाड आहे ते दिसतं. तेवढाच बंद करा.

काम महत्त्वाचं आहे, फक्त आत्ता नको आहे? व्हिडिओ तयार होतोय आणि मध्येच मीटिंग आली, तर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये राइट क्लिक करून ‘सस्पेंड’ करा आणि नंतर ‘रिझ्युम’. प्रोसेस जागच्या जागी गोठते आणि सीपीयू सोडते, मेमरी मात्र धरूनच ठेवते. एकमेकींना पुन्हा जिवंत करणाऱ्या दोन हानिकारक प्रोसेसवरही हाच डाव चालतो: आधी दोघींना गोठवायचं, मग एकेक मारायची.

टास्क मॅनेजरच्या तपशिलाच्या टॅबमधून प्रायॉरिटी, म्हणजे सीपीयूसाठीच्या रांगेतलं स्थान, तेही बदलता येतं. आपल्या प्रोग्रामची वाढवण्यापेक्षा खादाडाची एक पायरी कमी करा. सगळ्यात वरच्या ‘रिअलटाइम’ला हात लावू नका, माउस-कीबोर्डसुद्धा अडकतात.

एलसास, सीएसआरएसएस, विनइनिट, विनलॉगऑन ही विंडोजची मूळ मंडळी. यांना मारलं तर सिस्टिमच कोसळते किंवा रीस्टार्ट होते.

लिनक्स आणि मॅकवर

लिनक्सवर प्रोसेसची यादी दाखवणारं ‘टॉप’ असतंच, पण ‘एचटॉप’ घाला. रंगीत आहे, माउसही चालतो. एफ ६ ने क्रम लावा, एफ ५ ने झाड बघा, एफ ९ ने सिग्नल, म्हणजे प्रोसेसला द्यायचा हुकूम, पाठवा. डावीकडे आपोआप निवडलेला असतो तो १५ नंबरचा सिग्नल. तो प्रोग्रामला आवरून निघायला सांगतो. त्याने नाहीच ऐकलं तर ९ नंबर, त्यात आवरायची संधी मिळत नाही. स्थितीच्या रकान्यात ‘झेड’ असेल तर ती प्रोसेस आधीच मेलेली आहे, बघायचं ते तिच्या जन्मदात्या प्रोसेसकडे. ‘डी’ असेल तर ती बहुधा डिस्क किंवा नेटवर्कची वाट बघत अडकलीय, आणि अशा वेळी सहसा ९ नंबरचंही काही चालत नाही.

मॅकवर ‘अॅक्टिव्हिटी मॉनिटर’ आधीपासून असतो. मेमरीच्या टॅबमध्ये आकड्यांपेक्षा खालच्या आलेखाचा रंग बघा, हिरवा असेल तर चिंता नाही. ‘कर्नल टास्क’ सीपीयू खाताना दिसली तर बऱ्याचदा मशीन तापलेलं असतं आणि ती बाकीच्यांना मुद्दाम मागे रेटत असते. तिच्यामागे न लागता मशीनला हवा खाऊ द्या.

पायरी ४: परत येऊ नये म्हणून

रोज तोच प्रोग्राम मारावा लागत असेल तर तो सुरू कुठून होतो ते शोधा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये बरेच सापडतात. उरलेल्यांसाठी सिसइंटर्नल्सचंच ‘ऑटोरन्स’ घ्या. ते शेड्यूल केलेली कामं, सर्व्हिसेस, ड्रायव्हर असे सगळे कोपरे उलगडून दाखवतं. यादी प्रचंड असते, म्हणून आधी मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. पिवळ्या नोंदींच्या मूळ फाइलीच जागेवर नसतात, बहुतेकदा जुन्या प्रोग्रामचा तो उरलेला कचरा. संशयास्पद नोंदीसमोरची टिकची खूण फक्त पुसा, नोंद डिलीट करू नका. एका वेळी एकच नोंद, मग रीस्टार्ट. काही बिघडलं तर खूण परत करा, नाही बिघडलं तर पुढची घ्या.